जाळ्यासकट उडालेली पाखरे

वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते, चिपळूणला वळसा घालून खाडी होते आणि दाभोळपाशी समुद्रास मिळते. परंतु तिच्यातून वाहणारे सगळेच पाणी तिचे नव्हे. त्यातले बरेचसे कोयनेचे. घाटमाथ्यावरची कोयना मूळची कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाणारी. माणसांनी तिचे पाणी बोगद्यातून डोंगराच्या या अंगास आणले, पोफळीला त्याच्याकडून वीज करून घेतली, कोळकेवाडीच्या धरणात ते पुन्हा अडवले, पुन्हा वीज करून घेतली, आणि मग वाशिष्ठीच्या हवाली केले. या खटाटोपासाठी आमच्या अलोऱ्याला वसाहत उभी राहिली. कुणी देशावरचा, कुणी खानदेशातला, कुणी आंध्रातला, कुणी थेट पंजाबातला. असे लोक एका पत्र्याच्या सावलीत आले आणि त्यांची मुले एका बाकावर बसली.

हा भूगोल येथे उगाळण्याचे कारण एवढेच, की ज्या आवाजाने आमच्या पिढीला 'एक' आणि 'अनेक' यांतला फरक शिकवला, तो आवाज याच पाण्याच्या शेवटच्या टोकाचा आहे. साधना घाणेकर ही १९६९ साली दाभोळास जन्मलेली मुलगी. पुढे साधना सरगम या नावाने तिची गाणी घरोघर गेली. परंतु त्याच्या किती तरी आधी, जेमतेम पाचसहा वर्षांची असताना, तिने एका सात मिनिटांच्या कार्टून चित्रपटात गाइले. चित्रपटाचे नाव 'एक अनेक और एकता', साल १९७४. चाळिशीपार गेलेल्या कुणाही वाचकास हे नाव सांगितले की त्याच्या चेहऱ्यावर एक ओळखीचे हसू उमटते, असा माझा अनुभव आहे.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी लहानपणची असली चित्रे एकेक करून पुन्हा पाहिली. आज ती हातातल्या मोबाईलवर मिळतात. छपरावर चढून अँटेना फिरवावा लागत नाही, की खालून कुणी 'आलं, आलं, गेलं!' म्हणून ओरडत नाही. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले खरे, पण डोंगराच्या कुशीतल्या गावांपर्यंत चित्र पोचावयास मधे बरीच वर्षे जावी लागली. आणि पोचल्यावरही पावसाळ्यात ते मुंग्यांच्या वारुळासारखेच दिसे. त्या मुंग्यांतून आम्ही जे पाहिले ते लख्ख करून पाहावे, इतकीच माझी इच्छा होती. पाहताना मात्र मनाने भलतीच वाट धरली. गोष्ट काय आहे यापेक्षा ही गोष्ट कुणी केली, कोणत्या काळजीने केली, आणि करताना तिच्यातले काय गाळले, हेच सारखे दिसू लागले. मुलांसाठी म्हणून केलेल्या चित्रांत मोठ्या माणसांचे किती दुखणे भरलेले असते!

याची सुरुवात आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांपासूनच करावी लागते. १९१२ साली ते विलायतेहून कॅमेरा घेऊन आले. भांडवल कुणी देईना. तेव्हा त्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर रोवून ठेवला आणि दिवसांमागून दिवस थोडीथोडी फिल्म खर्चून रोपाची वाढ टिपली. पडद्यावर पाहावे तो बी फुटते आहे, कोंब वर येतो आहे, वेल झुलतो आहे, आणि सारे मिनिटाभरात! 'अंकुराची वाढ' पाहून सावकाराची खात्री पटली आणि 'राजा हरिश्चंद्र' चा मार्ग मोकळा झाला. आपला सिनेमा असा एका वाटाण्यातून उगवला आहे. चित्राची एक चौकट, मग थांबणे, मग दुसरी चौकट, मग पुन्हा थांबणे. कार्टूनचे सारे शास्त्र याहून फार वेगळे नाही. फक्त तेथे निसर्गाऐवजी माणूस वस्तूला किंवा रेघेला थोडेथोडे पुढे सरकवतो.

तेही फाळक्यांनी करून पाहिले. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले, कच्ची फिल्म मिळेनाशी झाली, पैसा आटला. १९१५ च्या सुमारास या माणसाने काय करावे? आगपेटीतल्या काड्या घेतल्या, त्या टेबलावर मांडल्या, तसूतसूने हलवल्या आणि त्यांचा चित्रपट केला: 'आगकाड्यांची मौज'. हाती नट नाही, राजवाडा नाही, फिल्म मोजकी; तेव्हा पैशाला मूठभर मिळणारी काडीच नाचवावी! घरात चूल पेटवायला लागणारी वस्तू पडद्यावर उड्या मारताना पाहून त्या वेळची पोरे किती खिदळली असतील, याची कल्पनाच करावी लागते. कारण तो चित्रपट आज उरलेला नाही. जुनी फिल्म ज्वालाग्राही. ती जळते, नाहीतर डब्यात विरघळून चिकट होते. फाळक्यांच्या नव्वदांहून अधिक चित्रपटांतले फारच थोडे तुकडे आज पाहावयास मिळतात. त्यांत १९१९ चा 'कालिया मर्दन' बऱ्यापैकी वाचला, आणि त्यात कृष्ण झालेली फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिचे ते धीट डोळे आपल्याला अजून पाहता येतात. काड्यांना मात्र कुणी जपले नाही. पोरांच्या वस्तूंचे घराघरांतून असेच होते. दागिन्यांचा डबा जपला जातो, भोवरा कुणी जपत नाही. लहानपणी पाहिलेले चित्र मोठेपणी पुन्हा पाहण्याचे भाग्य आमच्या आजोबांच्या पिढीला नव्हतेच मुळी.

१९३४ साली प्रभात फिल्म कंपनीने 'जंबू काका' नावाचे छोटे कार्टून काढले; रघुनाथ केळकरांनी ते केले. जंबुक म्हणजे कोल्हा, हे आमच्या विद्यार्थ्यांना आता सांगावे लागते. प्रभात तेव्हा कोल्हापूर सोडून नुकतीच पुण्यास आली होती. त्याच कंपनीत, कोल्हापूरच्या दिवसांपासून, सावंतवाडीकडच्या सोनवडे गावचा एक तरुण पडेल ते काम करीत संगीत शिकत होता. त्याचे नाव वसंत देसाई. 'अमर भूपाळी' आणि 'दो आँखें बारह हाथ' यांचे संगीतकार ते हेच. चाळीस वर्षांनी 'एक अनेक और एकता' ला चाल त्यांनीच दिली, आणि पुढच्याच वर्षी, १९७५ च्या डिसेंबरात, ते अपघातात गेले. चाल कोकणची, गळा कोकणचा! हे आम्हांला तेव्हा कुणी सांगितले असते तर शाळेच्या पटांगणावर आमची मान किती ताठ झाली असती.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत फिल्म्स डिव्हिजन आले आणि १९५६ साली त्याचा कार्टून विभाग निघाला. तेथे शिकवावयास क्लेअर वीक्स नावाचे अमेरिकन गृहस्थ आले. हे डिस्नेच्या कारखान्यात काम केलेले, पण मिशनऱ्याच्या घरी हिंदुस्थानातच जन्मलेले. त्यांच्या हाताखाली जी. के. गोखले, राम मोहन अशी मंडळी तयार झाली, आणि १९५७ साली जातककथेवरून 'बनियन डियर' हा चित्रपट निघाला. त्यातली हरणे जराशी बँबीच्या नात्यातली वाटतात, हे खरे. गुरू अमेरिकेचा म्हटल्यावर हरणाचे डोळे मोठे व्हायचेच. असो. हात मात्र बसला. काम कसले? सेकंदाला चोवीस चौकटी. सात मिनिटांचा चित्रपट म्हणजे दहा हजार ऐंशी चौकटी. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी पाच हजार चित्रे. पारदर्शक कागदावर पुढून रेघ, मागून रंग, एकाखाली एक रचून, एकेकाचे छायाचित्र. आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला एक फुलपाखरू रंगवून झाले की घंटा होते. येथे त्या फुलपाखराचा एक पंख वर जाऊन खाली येईपर्यंत डझनभर चित्रे लागतात.

'एक अनेक' ची चित्रे भीमसेन यांची. तेही फिल्म्स डिव्हिजनात रंगकाम करून बाहेर पडलेले. आणि चित्रपटामागची बाई होती विजया मुळे. १९२१ साली मुंबईत जन्मलेल्या, लग्नानंतर पाटण्यास गेलेल्या, तेथे फिल्म सोसायटी चालवणाऱ्या, आणि सत्यजित राय यांच्या स्नेहातल्या. 'भुवन शोम' मधली सुहासिनी मुळे ही त्यांची कन्या. शिक्षण खात्यात काम करीत असताना त्यांच्यावर एक मोठी जबाबदारी आली. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, अमेरिकेच्या उपग्रहामार्फत, सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांना दूरचित्रवाणी दाखवण्याचा प्रयोग व्हावयाचा होता. त्यासाठी खेड्यातल्या मुलांना कळतील असे कार्यक्रम हवे होते. त्याच शैक्षणिक कामाच्या धडपडीतले हे सात मिनिटांचे अपत्य. त्याला सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. विजयाबाई २०१९ साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी वारल्या.

साल ध्यानात घ्या: १९७४. महाराष्ट्र ७२ च्या दुष्काळातून नुकता उठत होता, मे महिन्यात रेल्वेचा देशव्यापी संप झाला होता, आणि वर्षभरातच आणीबाणी यावयाची होती. देश एकसंध राहील ना, ही काळजी दिल्लीतल्या मोठ्या माणसांच्या उशाशी होती. लहान मूल 'अनेक म्हणजे काय?' असे ताईला विचारते, आणि ताई सूर्य, चंद्र, तारे, खार, फुलपाखरू असे मोजत मोजत एकीपर्यंत येते, त्यामागे ही काळजी उभी आहे. ताईने गोष्ट सांगितली ती आपल्या सर्वांच्या ओळखीची: पाखरे दाणे टिपताना पारध्याच्या जाळ्यात सापडली, सगळी एकदम उडाली, जाळे घेऊनच उडाली, आणि लांब आपल्या मित्र उंदरांकडे जाऊन त्यांनी ते कुरतडून घेतले.

आमच्या वर्गात मी हे चित्र अलीकडे दाखवले. मुले हसली, गुणगुणली. मग सातवीतल्या एका मुलीने हात वर केला.

"सर, पाखरं एवढी एक झाली, तरी जाळं तुटलं नाहीच ना?"

"नाही तुटलं."

"मग उंदीर नसते तर काय झालं असतं?"

ती विचारून खाली बसली, आणि मी फळ्याकडे पाहात राहिलो. पन्नास वर्षे हे चित्र एकीचे म्हणून दाखवले जात आहे. त्यात उंदरांचे नाव कुणी घेत नाही. एकीने जाळे उचलले जाते, एवढेच. ते अंगावरून काढायला दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या दातांचा मित्र लागतो. पाखरांना चोच आहे, पण चोचीने दोर तुटत नाही.

म्हणून घरी येऊन पंचतंत्र काढले. मित्रसंप्राप्तीच्या तंत्रात ही कथा आहे. तेथे पाखरे म्हणजे कबुतरे, त्यांचा राजा चित्रग्रीव, आणि उंदीर हिरण्यक. पारधी खालून धावत असतो, तो एकाच आशेवर: ही कधीतरी आपसांत भांडतील आणि पडतील. ती भांडत नाहीत. हिरण्यकाच्या बिळाशी उतरल्यावर तो मित्राचे म्हणून राजाचे पाश आधी तोडू लागतो. तेव्हा चित्रग्रीव त्याला थांबवतो. आधी माझ्या लोकांचे तोड, मग माझे. तुझे दात मोडले किंवा तू दमलास, तर बांधलेला मी राहीन, ते नव्हे. कथेचा सारा जीव येथे आहे, असे मला वाटते. आणि १९७४ च्या चित्रात हाच प्रसंग नाही! सात मिनिटांत बसला नसेल, हे मला मान्य आहे. पण सरकारी खर्चाने केलेल्या चित्रात 'राजाने शेवटी सुटावे' हे वाक्य राहिले असते तर त्याची गोडी काही न्यारीच झाली असती.

त्याच चित्रात पुढे मुले युक्तीने आणि एकीने झाडावरचे आंबे मिळवतात. कोकणातल्या पोराला येथे थोडे हसू येते. आंब्याला एकीपेक्षा झेला अधिक उपयोगी! पण ते सोडा. वसाहतीत राहिलेल्या माणसाला हे चित्र खोटे वाटत नाही, एवढे मात्र सांगितले पाहिजे. आमच्या चाळीत एका घरी पोंगल शिजे, दुसऱ्या घरी लोहडीची शेकोटी पेटे, आणि शिमग्याला सगळेच पालखीमागून धावत. कामे संपली तशी ती घरे बदलीच्या कागदांबरोबर पांगली. कितीएक क्वार्टर्स आज ओस आहेत. जाळे उचलून झाले, आणि पाखरे आपापल्या दिशेने गेली.

आता मोगलीकडे वळतो, कारण त्याच्यावाचून आमच्या बाळपणाचा हिशेब पुरा होत नाही. १९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर तो हिंदीत आला. मूळ मालिका जपानची, निप्पॉन अॅनिमेशन या संस्थेची, १९८९-९० सालची, बावन्न भागांची. शीर्षकगीत गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाजची. आणि शेरखानाचा तो घोगरा, दबका, अंगावर काटा आणणारा आवाज कुणाचा? मुरूड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा. म्हणजे विलायतेत छापलेली गोष्ट जपान्यांनी रेखाटली आणि तिच्यातला वाघ कोकणी माणसाच्या गळ्यातून गुरगुरला!

पुन्हा पाहताना गमतीही दिसतात. मोगलीचा एक सोबती लाल पांडा आहे. सिवनीच्या रानात लाल पांडा! तो बिचारा हिमालयाच्या थंडीतला प्राणी. जपानी चित्रकारांना तो गोंडस वाटला असावा. मध्य प्रदेशातले सिवनी आणि तेथली वैनगंगा ही मात्र खरी. तीच वैनगंगा पुढे आपल्या गोंदिया-भंडाऱ्यातून गडचिरोलीकडे वाहते. कथा सिवनीची, पण लिहिली गेली अमेरिकेतल्या व्हर्मॉन्टच्या बर्फात, आणि छापली १८९४ साली.

मोठेपणी मात्र मला त्या मालिकेत जनावरे कमी दिसली आणि एक पोरके मूल अधिक दिसले. मोगली माणसांत राहिला तरी रानाचा, आणि रानात राहिला तरी माणसाचा. हे कुठून आले, ते रुडयार्ड किपलिंगचे चरित्र वाचल्यावर कळते. हा गृहस्थ ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मला; वडील तेथे शिक्षक होते. दाईच्या आणि घरगड्याच्या तोंडून गोष्टी ऐकत तो वाढला. घरात मोठ्यांच्या खोलीत जाताना, आता इंग्रजीत बोल हं, अशी त्याला आठवण द्यावी लागे. सहावे वर्ष लागण्याच्या सुमारास, १८७१ मध्ये, त्याला आणि तीन वर्षांच्या बहिणीला विलायतेत परक्या घरी पैसे देऊन ठेवण्यात आले, आणि आईबाप मुलांना धड काही न समजावता परत मुंबईस आले. त्या घरात सुमारे सहा वर्षे त्याने मार खाल्ला आणि धाक सोसला. पुढे साम्राज्याचे गोडवे गाऊन त्याने आपल्याला पुष्कळ राग आणला, आणि तो राग मला आजही गैर वाटत नाही. परंतु लांडग्यांच्या गुहेत उघडे मूल निर्भय शिरते आणि लांडगीण त्याला कुशीत घेते, हे त्या सहा वर्षांच्या पोराने पाहिलेले स्वप्न आहे, हे ध्यानात आल्यावर त्याच्याशी भांडण थोडे नरम होते.

कोकणात ही गोष्ट जेवढी उमगावी तेवढी दुसरीकडे उमगणार नाही. येथे पिढ्यान्‌पिढ्या बाप मुंबईस आणि पोर आजीपाशी. गिरणीत, गोदीत, खानावळीत बापाचे वर्ष जायचे, आणि पोराला सांभाळायचे ते आजी, काका, शेजारपाजार आणि गोठ्यातली गाय. आमच्याबरोबर टीव्हीपुढे मांडी ठोकून बसणाऱ्यांत अशी किती तरी मुले होती. बाळू अस्वल आणि बगीरा यांच्या शिस्तीत वाढणारा मोगली त्यांना परका वाटला नाही, यात नवल नाही.

या दिवाळीच्या सुट्टीआधी मी मुलांना मूळ पुस्तकातली शेवटची गोष्ट मराठीत सांगितली. मोगली सतराएक वर्षांचा होतो. बाळू आता म्हातारा आणि आंधळा झालेला असतो, अकेला केव्हाच मेलेला असतो. वसंत ऋतू येतो आणि मोगलीला काय होते आहे ते त्याचे त्यालाच कळत नाही. तो रडतो, सगळ्यांचा निरोप घेतो आणि माणसांकडे चालू लागतो. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे वडील गणपतीला आठ दिवस येऊन नुकतेच परत गेले होते, त्याने विचारले, "सर, मग तो परत कधी आला?"

पुस्तकात ते नाही. परंतु किपलिंग कधी परत आला ते ठाऊक होते, ते मी त्याला सांगितले. १८८२ च्या ऑक्टोबरात, सतरावे वर्ष पुरे व्हायच्या आत, तो मुंबईच्या धक्क्यावर उतरला. अकरा वर्षांनी तो वास नाकात गेला, ते रंग डोळ्यांपुढे आले, आणि त्याच्या तोंडून इथल्या बोलीतली वाक्ये भराभर बाहेर पडू लागली. त्यांचा अर्थ काय, हे त्याला स्वतःला आठवत नव्हते.